डॉक्टर खेकसले तर काय करायचं? वडोदऱ्याला उपचारासाठी जाणाऱ्यांना हे माहीत असू द्या

नंदुरबार / वडोदरा : मावशीला पोटाच्या दुखण्यासाठी वडोदऱ्याच्या एका खासगी दवाखान्यात नेलं होतं. अक्कलकुव्याहून पहाटे निघालो. सागबारा, डेडियापाडा, राजपिपळा करत पोचलो. एंडोस्कोपी करायची म्हणून आदल्या रात्रीपासून तिच्या पोटात काही नव्हतं. टेबलावर झोपवल्यावर तिने विचारलं, "साहेब, किती वेळ लागेल?" उत्तर आलं, "चूप रहो, मुंह खोलो." नळी घशात गेली, तिला उमासे आले, तिने हात झटकला. "हाथ नीचे! ड्रामा मत करो!" मी दाराशी उभा होतो, ते बाहेरपर्यंत ऐकू आलं.

काम काही मिनिटांतच झालं. पोटात जखम दिसली, तुकडा तपासायला पाठवला, आठ दिवसांनी रिपोर्ट घ्यायला या म्हणाले. घरी आल्यावर मावशीने सांगून टाकलं, "मरेन, पण त्या टेबलावर परत जाणार नाही." रिपोर्ट महिनाभर तिथेच पडून राहिला. शेवटी मीच जाऊन आणला. साधा जंतुसंसर्ग निघाला, गोळ्यांनी बरा होणारा. पण तो रिपोर्ट वेगळा असता तर?

आपल्या भागातून रोज कितीतरी माणसं सुरत-वडोदऱ्याला उपचारासाठी जातात. कुणी सयाजी हॉस्पिटलला, कुणी गोत्रीच्या सरकारी दवाखान्यात, कुणी खासगीत. डॉक्टर चांगले भेटले, अशी उदाहरणं भरपूर आहेत. पण "डॉक्टर खेकसले" ही तक्रारही घरोघरी ऐकू येते आणि बहुतेक वेळा ती ओसरीवरच संपते. माणूस अपमान गिळतो आणि उपचारही सोडतो. खरं नुकसान तिथे होतं. म्हणून तपासणीच्या आधी, तपासणी चालू असताना आणि नंतर काय करता येतं, ते इथे सविस्तर देत आहोत.

आधी ओळखा : घाई, अपमान की हक्कभंग?

या तीन गोष्टी वेगळ्या आहेत आणि तिन्हींचा इलाजही वेगळा आहे.

पहिली घाई. डॉक्टर तुटक बोलतात, वर बघत नाहीत, पूर्ण ऐकून घेत नाहीत. काही वेळा ते कामात गुंतलेले असतात. सुई किंवा नळी हातात असताना गप्प राहणं हा उद्धटपणा नव्हे. इथे नेमका प्रश्न विचारला की बहुतेकदा उत्तर मिळतं.

दुसरा अपमान. "अडाणी", "नाटकं करू नको", "एवढी पोरं काढलीत तेव्हा नाही दुखलं?" अशी बोलणी. याला माफी नाही. वैद्यकीय व्यावसायिकांसाठीचे २००२ चे आचारसंहिता नियम आजही लागू आहेत, आणि डॉक्टरच्या वागण्यात संयम आणि नाजूकपणा हवा, असं त्यांत लिहिलेलं आहे.

तिसरा हक्कभंग. न सांगता तपासणी करणं, पडदा नसताना कपडे काढायला लावणं, "थांबा" म्हटल्यावरही दाद न देणं, कोऱ्या फॉर्मवर सही घेणं, कागद द्यायला नकार देणं. इथे डॉक्टर गोड बोलले तरी तो हक्कभंगच आहे.

डॉक्टर असे का वागतात?

त्यांची बाजूही समजून घ्यायला हवी. डॉक्टर एका रुग्णाला किती वेळ देतात, याचा जगभरातल्या देशांचा आढावा २०१७ मध्ये 'बीएमजे ओपन' या नियतकालिकात आला होता. त्यात स्वीडनमध्ये ही वेळ साधारण २२ मिनिटं, भारतात साधारण दोन मिनिटं आणि बांगलादेशात एक मिनिटाहूनही कमी निघाली. दोन मिनिटांत नाव, दुखणं, तपासणी, चिठ्ठी सगळं उरकायचं, तर "कसं वाटतंय काका?" हे वाक्यच पहिलं गळतं. मोठ्या सरकारी दवाखान्यात समोर असतो तो बहुधा शिकाऊ निवासी डॉक्टर, आणि तो रात्रभर जागाच असतो.

दुसरं कारण शिक्षणात आहे. पेशंटशी बोलायचं कसं, हे आपल्याकडे वर्षानुवर्षं वेगळं शिकवलंच जात नव्हतं. मोठ्या डॉक्टरांचं बघून पोरं शिकायची, मग मोठे जसे बोलत तसेच धाकटेही. २०१९ पासून एमबीबीएसच्या नव्या अभ्यासक्रमात वागणूक, नीतिमत्ता आणि संवाद हा भाग सक्तीचा झाला. म्हणजे आज चाळिशी-पन्नाशीत असलेल्या डॉक्टरांच्या वेळी तो नव्हता.

तिसरं कारण आपल्या सीमाभागाचं खास आहे, ते म्हणजे भाषा. गुजरातीत "तमे" हे मानाचंच संबोधन आहे. पण गुजराती माणूस हिंदी बोलायला लागला की "तमे"चं सहज "तुम" होतं, आणि "आप"ची सवय असलेल्याला ते झोंबतं. उलटही घडतं. आपल्या पाड्यांवरच्या बोलींत मोठ्या माणसालाही मोकळेपणाने "तू" म्हणतात. तिथली आजी डॉक्टरला "तू सांग ना" म्हणाली, तर तिच्या मनात प्रेमच असतं, पण डॉक्टरच्या कपाळावर आठी येते. अशा वेळी कुणीच उद्धट नसतं, नुसता शब्द आडवा आलेला असतो. भाषेची चूक आणि अपमान यांतला फरक ओळखला तर निम्मी भांडणं टळतात. मात्र "ड्रामा मत करो" कुठल्याही भाषेत सौजन्याचं होत नाही.

टेबलावर जाण्याआधी

भांडण टेबलावर जिंकता येत नाही. आपण आडवे, अर्धे कपडे काढलेले, हाताला सलाईन, आणि हत्यार समोरच्याच्या हातात. म्हणून बोलायचं ते आधी. पाच गोष्टी कागदावर लिहून न्या आणि विचारा :

१. काय करणार आहात आणि कशासाठी?
२. किती वेळ लागेल, कुठे आणि कितपत दुखेल?
३. बधिर करणार का? झोपेचं औषध देता येईल का? (एंडोस्कोपी घशाला फवारा मारूनही करतात आणि झोपेचं इंजेक्शन देऊनही. ते घेतलं तर सोबत माणूस लागतो आणि त्या दिवशी गाडी चालवायची नाही.)
४. सहन झालं नाही तर थांबण्याची खूण काय?
५. रिपोर्ट कधी, कुठे, आणि माझ्याऐवजी घरचं माणूस नेऊ शकेल का?

चौथा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. नळी घशात असताना बोलता येत नाही. "मी डावा हात वर केला तर थोडं थांबाल का?" एवढं आधी ठरवून घ्या. मावशीने हात झटकला तेव्हा तिला थांबा म्हणायचं होतं, डॉक्टरला मात्र ती अडथळा करतेय असं वाटलं. खूण आधी ठरलेली असती तर तो हात नाटक ठरला नसता. काही कामं मधेच सोडता येत नाहीत, टाका अर्धवट ठेवता येत नाही. म्हणून "कुठल्या टप्प्यावर थांबता येईल?" हेही विचारा.

आपल्याकडूनही माहिती पूर्ण द्या. रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का, साखर आहे का, कुठल्या औषधाची ॲलर्जी आहे का, कवळी आहे का, पूर्वी इंजेक्शन घेताना चक्कर आली होती का. भीती वाटत असेल तर तेही सांगा. "मला या तपासणीची फार भीती वाटते, मागच्या वेळी त्रास झाला होता," हे वाक्य ऐकल्यावर बरेच डॉक्टर आवाज खाली आणतात. डॉक्टर ऐकत नसतील तर सिस्टरला सांगा. टेबलापाशी रुग्णाचा हात धरणारी बहुधा तीच असते.

टेबलावर असताना

आवाज चढवू नका, पण गप्पही राहू नका. छोटं, एका दमात संपणारं वाक्य बोला.

"साहेब, दुखतंय. जरा थांबा."
"काय करताय ते सांगत सांगत करा, मग मी हलणार नाही."
"मॅडम, ओरडू नका, मी घाबरलेय. सांगाल तसं करेन."

शेवटच्या वाक्यात आपण काय हवं तेही सांगतो आणि सहकार्याचा शब्दही देतो. समोरच्याला माघार घ्यायला वाट मिळते.

शरीराला मदत करायच्या साध्या युक्त्या आहेत. एंडोस्कोपीत नाकाने सावकाश श्वास घ्या, लाळ गिळू नका, गालातून बाहेर सांडू द्या. आतल्या तपासणीआधी लघवीला जाऊन या आणि तपासणीच्या वेळी लांब श्वास सोडा, पोट घट्ट धरलं की जास्त दुखतं. सुईची चक्कर येणाऱ्यांनी बसून नव्हे, झोपून सुई घ्यावी.

काही गोष्टी मात्र डॉक्टरचा मूड न बघता तिथल्या तिथे सांगायच्याच : छातीत दुखणं, श्वास अडकणं, ओठ सुजणं, अंगाला एकाएकी खाज, डोळ्यांपुढे अंधारी, अचानक उठलेली जोराची कळ. "पुन्हा ओरडतील" म्हणून हे लपवलं तर जिवावर बेतू शकतं. दुखतंय म्हणणं म्हणजे तक्रार नव्हे. डॉक्टरला ती माहिती लागते.

गुजरातीतली कामाची वाक्यं

वडोदरा गायकवाडांचं शहर. दांडिया बाजारसारख्या भागांत मराठी कुटुंबं पिढ्यान् पिढ्या राहतात, त्यामुळे मराठी जाणणारं माणूस सापडणं अवघड नाही. रिसेप्शनवर आधीच विचारा, "मराठी आवडतुं होय एवुं कोई छे?" तरी टेबलावर उपयोगी पडतील अशी वाक्यं पाठ करून ठेवा :

- मला खूप दुखतंय : मने बहु दुखे छे
- जरा थांबा : जरा थोभो
- चक्कर येतेय : मने चक्कर आवे छे
- श्वास घ्यायला त्रास होतोय : श्वास लेवामां तकलीफ थाय छे
- समजलं नाही, पुन्हा सांगा : समजायुं नहीं, फरीथी कहो

डॉक्टर-सिस्टरच्या तोंडी येणारे शब्दही कळायला हवेत : ताव म्हणजे ताप, कमळो म्हणजे कावीळ, झाडा म्हणजे जुलाब, बळतरा म्हणजे जळजळ, सोजो म्हणजे सूज, लोही म्हणजे रक्त, भूख्या पेटे म्हणजे उपाशीपोटी.

सही करण्याआधी

गुजराती किंवा इंग्रजी फॉर्म पुढे येतो आणि "इथे सही करा" म्हणतात. वाचून दाखवायला सांगा. तो तुमचा हक्क आहे, उपकार नाही.

याबाबत सर्वोच्च न्यायालयाचा १६ जानेवारी २००८ चा निकाल लक्षात ठेवण्यासारखा आहे : समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा. दिल्लीतल्या ४४ वर्षांच्या या महिलेने दुर्बिणीने तपासणी करायला संमती दिली होती. ती भुलीखाली असताना बाहेर बसलेल्या आईची संमती घेतली आणि गर्भाशय व बीजकोश काढून टाकले. न्यायालयाने सांगितलं की, रुग्ण सज्ञान आहे, शुद्धीवर येईपर्यंत थांबता येतं आणि जिवाला तातडीचा धोका नाही, अशा वेळी दुसऱ्या कुणाची संमती चालत नाही. तपासणीची संमती म्हणजे उपचाराची संमती नव्हे. डॉक्टरला फी नाकारली आणि २५ हजार रुपये भरपाई द्यायला लावली. रक्कम छोटी आहे, पण तत्त्व मोठं आहे. टेबलावर पडलेल्या माणसाला विचारायला हवं आणि त्याला कळेल असं सांगायला हवं.

२०१८ मध्ये राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने रुग्णहक्कांची १७ कलमी सनद तयार केली आणि २०१९ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने राज्यांना ती पाळायला सांगितलं. माहिती मिळणं, संमती, प्रतिष्ठा आणि खासगीपणा, दुसऱ्या डॉक्टरचं मत घेणं, तक्रार ऐकली जाणं हे सगळं तिच्यात आहे.

बायाबापड्यांसाठी विशेष

सगळ्यात जास्त बोलणी बाळंतपणाच्या टेबलावर आणि आतल्या तपासणीत ऐकावी लागतात. पुरुष डॉक्टर तपासत असेल तर बाई कर्मचारी हजर हवी, असं रुग्णहक्क सनद सांगते. "सिस्टर आल्यावर तपासा" म्हणायला लाजू नका. सरकारी दवाखान्यात बाळंतपणाच्या वेळी सोबत एक बाई ठेवायला केंद्राने २०१६ मध्येच मुभा दिली आहे. २०१७ पासून प्रसूतिकक्षांसाठी 'लक्ष्य' कार्यक्रम आहे, त्यात बाळंतिणीशी सन्मानाने वागणं ही एक अट आहे.

या विषयावर खुद्द वडोदऱ्यातच काम झालं आहे. १९८४ पासूनची 'सहज' ही तिथली संस्था महिलांच्या आरोग्यहक्कांवर काम करते. १९९० च्या दशकात तिने मुंबई महापालिकेच्या आरोग्य विभागाबरोबर महिला-केंद्री आरोग्य प्रकल्प राबवला. बाईला केस पेपर न समजता माणूस समजून तपासायचं, ही त्यामागची दिशा. दवाखान्याची वागणूक हा नशिबाचा भाग नाही, ती बदलता येते, हे त्यातून दिसतं.

नंतर : तक्रार कुठे आणि कशी?

त्याच दिवशी, घरी येताना गाडीतच, लिहून काढा : तारीख, वेळ, कोण काय बोललं, कोण हजर होतं. मग पायरीने चढा.

पहिली पायरी, त्याच डॉक्टरशी बोलणं. कपडे घालून, खुर्चीत बसून. "आत तुम्ही असं बोललात, आईला ते फार लागलं." कित्येकदा इथेच "सॉरी" येतं आणि पुढचे उपचार सुरळीत होतात.

दुसरी पायरी, दवाखान्याचं व्यवस्थापन. सरकारीत मेडिकल सुपरिटेंडेंट. तक्रार लेखी द्या आणि आपल्या प्रतीवर पोचपावती घ्या. आयुष्मान कार्डावर उपचार असतील तर १४५५५ हा क्रमांक आहे. हे कार्ड दुसऱ्या राज्यातल्या यादीवरच्या दवाखान्यातही चालतं.

तिसरी पायरी, कागदपत्रं. रुग्णाने मागितल्यावर ७२ तासांत नोंदी द्यायला हव्यात, असा २००२ चा नियम आहे. अर्ज लेखी करा. कागदांशिवाय पुढची कुठलीच लढाई उभी राहत नाही.

चौथी पायरी, वैद्यकीय परिषद. डॉक्टरची नोंदणी गुजरातची असेल तर गुजरात मेडिकल कौन्सिल, आपल्याकडची असेल तर महाराष्ट्र वैद्यकीय परिषद. नोंदणी क्रमांक चिठ्ठीवर आणि पावतीवर छापणं डॉक्टरला बंधनकारक आहे. तो टिपून घ्या.

पाचवी पायरी, ग्राहक आयोग. पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा १९९५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापासून ग्राहक कायद्यात येते. सगळ्यांनाच फुकट सेवा देणारा दवाखाना मात्र त्यात येत नाही. २०१९ च्या नव्या कायद्याने सीमाभागाची मोठी सोय झाली आहे. तक्रारदार जिथे राहतो, तिथल्या जिल्हा आयोगात दावा करता येतो. म्हणजे दवाखाना वडोदऱ्याचा असला तरी नंदुरबारचा माणूस नंदुरबारलाच तक्रार करू शकतो. मुदत दोन वर्षं. मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही. वकील परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाचा १५१०० हा क्रमांक आहे.

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. नुसतं खेकसल्याबद्दल भरपाई मिळणं अवघड असतं. आयोग सेवेतली त्रुटी आणि झालेलं नुकसान बघतो. म्हणून बोलण्याची तक्रार दवाखान्याकडे किंवा परिषदेकडे, आणि संमती, हलगर्जी, बिल यांची तक्रार आयोगाकडे, असं वेगवेगळं मांडा. दोन्हींची खिचडी केली की दोन्ही कच्च्या राहतात.

हात उचलू नका

राग कितीही आला तरी धक्काबुक्की, तोडफोड नको. महाराष्ट्रात २०१० च्या कायद्याने हा अजामीनपात्र गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते आणि नुकसानीच्या दुप्पट भरपाई द्यावी लागते. गुजरातेतही असा कायदा आहे. शिवाय हात उचलला की आपली खरी तक्रार मागे पडते आणि आपणच आरोपी होतो.

डॉक्टर बदला, उपचार सोडू नका

डॉक्टर पटला नाही तर दुसऱ्याकडे जाण्याचा हक्क तुम्हाला आहे. रिपोर्ट घ्या, केस पेपर घ्या आणि दुसरा दवाखाना गाठा. पण तपासणी अर्धवट टाकू नका, पाठवलेल्या तुकड्याचा रिपोर्ट पडू देऊ नका. एंडोस्कोपीनंतर काळी शौच, रक्ताची उलटी, ताप किंवा पोटात जोराची कळ आली, तर रुसवा बाजूला ठेवून तातडीने जवळचा दवाखाना गाठा.

मावशीची गोळ्यांनंतरची तपासणी दुसऱ्या डॉक्टरांकडे केली. या वेळी तिने आधीच सांगितलं, "बाबा, मी हात वर केला तर थांबशील ना?" ती डॉक्टरला "तू" म्हणाली, डॉक्टर हसले, म्हणाले, "हो माजी, थोभीश." मधे एकदा तिने हात वर केला. ते थांबले, तिने श्वास घेतला आणि मग स्वतःच मान हलवून पुढे चला म्हणाली. या वेळचा रिपोर्ट आणायला ती माझ्याबरोबर गाडीत बसून आली.